खुशाली कळवावी

पोरी, अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष. आबांच्या वर्षश्राद्धाला घरची एक छोटी पुस्तिका काढायची ठरली आणि पहिला लेख तुझ्याकडं आला, हे कळून फार बरं वाटलं. तू पाठवलेली दीड पानं मी तीनदा वाचली. भाषा स्वच्छ आहे, माया खरी आहे. तरी ती पानं तशीच छापायला देऊ नकोस. ‘देशसेवेचं धगधगतं यज्ञकुंड’, ‘कुटुंबाचा आधारवड’, ‘करारी बाणा आणि लोण्यासारखं मन’ यातलं काही खोटं नाही. पण नाव खोडून दुसरं घातलं, तर हाच मजकूर औसा, निलंगा, उमरगा, कुठल्याही तालुक्यातल्या कुठल्याही माजी सैनिकाच्या फोटोखाली चालून जाईल. तुझे आबा त्यात सापडत नाहीत.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण माझी आणि आबांची खरी ओळख पत्रांतूनच झाली, म्हणून पत्रच लिहितो. जरा लांबेल. सावकाश वाच.

तुला घरात कुणी सांगितलं आहे की नाही, मला माहीत नाही. १९७० पासून पाच-सहा वर्षं आबांची पत्रं मी वाचून दाखवत होतो आणि उत्तरंही मीच लिहीत होतो. मी तेव्हा पाचवीत होतो. तुझ्या पणजोबांना निजामाच्या राज्यात दोन यत्ता उर्दू शिकवलेलं, मराठी अक्षर लागत नव्हतं. वैनींनी, म्हणजे तुझ्या आजीनं, शाळेची पायरी पाहिलेली नव्हती. आळीत हाताशी असलेलं शाळेतलं पोर म्हणजे मी. पोस्टमन आला की पणजोबा ओसरीवरून हाक मारायचे आणि मी खेळ सोडून पळत यायचो.

पत्र वडिलांच्या नावानं असायचं. ‘तीर्थरूप अण्णांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. मी येथे आपल्या आशीर्वादाने खुशाल आहे. आपली खुशाली कळवावी.’ मग बैल कसे आहेत, पाऊस किती झाला, मनिऑर्डर पोचली का, धाकट्याची शाळा चालू आहे का. बायकोचं नाव पत्रात घालायची रीत नव्हती. अगदी शेवटी, ‘कमी-जास्त क्षमा असावी’च्या वर, एक ओळ यायची: ‘घरात सांगणे, काळजी करू नये.’ घरात म्हणजे वैनी. मी पत्र वाचायला लागलो की आतल्या जात्याचा आवाज थांबायचा. ती एक ओळ वाचून झाली की पुन्हा सुरू व्हायचा.

तर पहिलं काम हे कर. काळी ट्रंक उघडून पत्रं काढशील, तेव्हा प्रत्येक पत्रातली ‘घरात’ची ओळ शोध आणि तारखेनं एका वहीत उतरव. ‘घरात सांगणे, विहिरीवर एकटीने जाऊ नये.’ ‘घरात सांगणे, दिवाळीला येणे जमेल असे वाटत नाही.’ ‘घरात सांगणे, फोटो मिळाला.’ मला अजून यातल्या कितीतरी पाठ आहेत. तुझ्या दीड पानांत आजीचं नाव एकदाच आलं आहे, तेही ‘सुविद्य पत्नी’च्या चालीवर ‘सुशील पत्नी’ म्हणून. आबा बावीस वर्षं फौजेत होते. त्या बावीस वर्षांत ते घरी किती राहिले, ते रजेच्या महिन्यांवरून मोज. उरलेला संसार कुणी ओढला, ते लिहिल्याशिवाय त्यांना कुटुंबवत्सल म्हणायला जागाच राहत नाही. आबा स्वतःही हेच म्हणाले असते. ते शब्द वापरत नव्हते, पण त्यांना हे माहीत होतं. कसं माहीत झालं, ते पुढं सांगतो.

उत्तर लिहायची पद्धतही सांगून ठेवतो, पत्रं वाचताना उपयोगी पडेल. अंतर्देशीय पत्राची मोठी घडी पणजोबांची. ते सांगायचे, मी लिहायचो. शेवटी दुमडायची जी छोटी पट्टी उरते, ती वैनींची. पणजोबा उठून गोठ्याकडं गेले की त्या चौकटीला टेकून बसायच्या आणि हळू आवाजात दोन ओळी सांगायच्या. त्या ओळी कधीच त्यांच्या स्वतःविषयी नसायच्या.

१९७१ च्या उन्हाळ्यानंतर आबांची पत्रं विरळ झाली. पत्त्यात गावाचं नाव नसायचंच. नंबर, नाव, पलटण आणि ९९ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय, एवढ्यावरून माणूस आसामात आहे की आणखी कुठं, काही कळायचं नाही. डिसेंबरात लढाई लागली आणि पत्रं बंदच झाली. गावात दोन ट्रान्झिस्टर होते. त्यातला एक पणजोबांनी मागून आणला होता.

१६ डिसेंबरच्या रात्री बातमी आली, ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली. दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, होती. हे मला पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी सगळं गाव शेतात होतं. आपल्याकडची येळवस तुला सांगायला नको: कडब्याची कोप, आत पांढरे केलेले पाच दगड, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलाचा माठ. शेजारपाजारची माणसं कोपीत येऊन पणजोबांना म्हणत होती, जिंकलो की, आता काय काळजी? वैनी सगळ्यांना वाढत होत्या. आंबिलाचा पेला त्यांनी स्वतःच्या तोंडाला लावला नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, “जिंकलं म्हणत्यात. कोण कोण राह्यलं, ते नाही सांगत कुणी.”

पत्र जानेवारीत आलं. ते ट्रंकेत असलं तर जपून उघड, घडीवर फाटत आलं होतं तेव्हाच. ‘मी येथे खुशाल आहे. थंडी फार आहे. येळवस झाली असेल. आंबील कोणी केली होती? घरात सांगणे, स्वेटर पुरतो.’ लढाईचा एक शब्द नाही.

आता तू लिहिलं आहेस, ‘आबांनी ढाक्यापर्यंत शत्रूला धूळ चारली.’ असं लिहू नकोस. त्याऐवजी दोन गोष्टी लिही आणि दोन्हींची गल्लत होऊ देऊ नकोस. एक, त्यांच्या पलटणीनं काय केलं. ते नोंदलेलं आहे, पुस्तकांत मिळतं. आबा १ मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, तिला फौजेत जंगी पलटण म्हणतात. डिसेंबर ७१ मध्ये या पलटणीनं ब्रह्मपुत्रा ओलांडून जामालपूरच्या दक्षिणेला, टांगाईलकडं जाणारी वाट अडवून धरली. जामालपुरात पाकिस्तानची बलुच पलटण खंदक खणून बसली होती. आपल्या ब्रिगेडियरनं शरण येण्याविषयी चिठ्ठी लिहिली आणि एका म्हाताऱ्या बंगाली माणसाच्या हाती सायकलवरून पाठवली. उत्तर आलं ते बंदुकीची गोळी गुंडाळून. लेखणी ठेवा आणि पुढच्या वेळी हातात स्टेनगन घेऊन भेटा, असा त्याचा मतलब होता. १० डिसेंबरच्या रात्री त्या लोकांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला आणि ते सरळ मराठ्यांच्या मोर्च्यांवर आले. रात्रभर झुंज झाली. सकाळी जामालपूर शरण आलं.

दुसरी गोष्ट म्हणजे आबांनी स्वतः काय सांगितलं. ती फारच थोडी आहे. मी शिक्षक झाल्यावर हे सगळं वाचलं आणि मोठ्या उत्साहानं त्यांच्याकडं गेलो. गोळी घातलेल्या चिठ्ठीची गोष्ट विचारली. ते गोठ्यात दावं वळत होते. म्हणाले, “नदी लई मोठी होती. आपल्या मांजरासारख्या दहा बसतील.” मांजरा नदी बरं का. थोड्या वेळानं म्हणाले, “सकाळी त्यांची पोरं बघितली. आमच्याएवढीच होती.” एवढंच. पुन्हा कधी बोलले नाहीत. ही दोन वाक्यं जशीच्या तशी लिही, त्यांना काही जोडू नकोस. त्या रात्री आबा कुठल्या खंदकात होते, त्यांनी किती गोळ्या झाडल्या, हे तुला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून ते लिहायचं नाही. ज्याच्याबद्दल लिहितो आहोत तो माणूस आयुष्यात कधी फुशारकीनं बोलला नाही. त्याच्या माघारी आपण त्याच्या नावानं बोलू नये.

आता दुष्काळाचं. या भागासाठी मी हे पत्र लिहायला बसलो, असं म्हटलं तरी चालेल.

७२ साली पाऊस आलाच नाही. विहिरींचे तळ दिसले. लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, खाऊन लोकांनी दिवस काढले, पोरांना सुकडी मिळायची. सगळीकडं दुष्काळी कामं निघाली होती, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. आपल्या गावाजवळ रस्त्याची खडी फोडायचं काम होतं. वैनी त्या कामावर जायच्या. तुझा बाप तेव्हा दोन वर्षांचा होता, बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपायचा. पणजोबांचा दमा वाढला होता. एक बैल विकला होता, दुसरा गुरांच्या छावणीत होता.

दिवाळीच्या सुमारास आबांचं पत्र आलं. ‘येथे पेपरात आपल्या भागातील दुष्काळाविषयी वाचतो. खरे काय ते कळवावे.’ असं थेट त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पणजोबांनी आपली बाजू सांगितली, देवाच्या कृपेनं ठीक आहे म्हणून. मला वाटलं, वैनी तरी खरं सांगतील. त्या चौकटीला बसल्या आणि म्हणाल्या, “लिव, पाऊस बरा झाला. ज्वारी निघाली. बैल चांगले हाईत.”

मी म्हटलं, “वैनी, पेरलंच कुठं आपण?”

“लिव म्हणते ना, लेकरा. तिकडं बसून त्यांच्या हातात काय हाय? उगं जिवाला घोर.”

मी बारा वर्षांचा होतो. खोटं लिहू नये हे शाळेत शिकत होतो. टाक कागदावर टेकवून तसाच बसलो, तेवढ्यात शाई पसरली. ‘पाऊस’ या शब्दाच्या आधी तो डाग आहे. मग लिहिलं. त्यांनी सांगितलं तसं.

आबा ७३ च्या मे महिन्यात रजेवर आले. मिरजेहून छोटी गाडी लातूरपर्यंत, पुढं एसटी आणि शेवटी पायी. संध्याकाळी आले, तेव्हा वैनी कामावरून नुकत्या परतलेल्या. पाणी द्यायला पुढं आल्या आणि आबांनी तांब्या घेताना त्यांचे हात बघितले. मी ओसरीवरच होतो. ते काही बोलले नाहीत. तांब्या घेतला, चूळ भरली, वडिलांच्या पाया पडले. मी भिंतीला चिकटून उभा होतो, कारण आता विषय माझ्या पत्राकडं येणार असं मला वाटत होतं. जेवणं झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “अक्षर सुधारलं रे तुझं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे वैनींच्या आधी ते उठून तयार होते. खडीच्या कामावर गेले आणि वैनींना झोळीजवळ बसवलं. हजेरीपटावर नाव वैनींचं आणि हातोडा आबांच्या हातात. मुकादमानं आधी हरकत घेतली, मग गप्प बसला. फौजेतला माणूस, अंगात खाकी अर्धी चड्डी, बायकांच्या रांगेत बसून खडी फोडतो आहे, हे बघायला पहिल्या दिवशी माणसं जमली. चौथ्या दिवशी कुणी जमलं नाही. रजा संपेपर्यंत ते रोज गेले. दोन महिन्यांची रजा होती.

त्यांनी लढाई लपवली, तिनं दुष्काळ लपवला आणि दोघांचंही लिखाण माझ्या हातून गेलं. मी पुढं छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पत्रलेखन शिकवताना दर वर्षी ‘मी खुशाल आहे’ ही ओळ फळ्यावर लिहायचो, तेव्हा दर वर्षी खडू क्षणभर थांबायचा. तुला पत्रं सापडतील तेव्हा हे ध्यानात ठेव. त्यांत जे लिहिलं आहे, तेवढ्यावर विसंबू नकोस. प्रत्येक पत्राच्या तारखेला गावात काय चाललं होतं आणि सीमेवर काय चाललं होतं, हे बाजूला मांड. मग ‘खुशाल’ हा शब्द पुन्हा वाच.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. डिस्चार्ज बुकात जन्मतारीख १ जून १९४६ आहे. ती शाळामास्तरांनी घातलेली. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे वाढदिवस १ जूनलाच येतात, ते असे. पणजी सांगायची की रझाकारांच्या भीतीनं गाव निजामाच्या हद्दीपलीकडं बार्शीच्या बाजूला निघालं, तेव्हा हे कडेवर होते, नुकते बोलायला लागले होते. म्हणजे ४८ सालचा पोलीस ॲक्शन व्हायच्या आधीचं. तू दोन्ही लिही, कागदावरची तारीख आणि पणजीची खूण. बुकात जिल्हा उस्मानाबाद आहे, ते चूक समजून ‘लातूर’ करू नकोस. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला झाला, आबा भरती झाले ६४ साली. चीनच्या लढाईनंतर फौज वाढवायला घेतली होती, त्या भरतीतले ते. बेळगावच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिशील तेव्हा नंबर, पलटण आणि जुनाच पत्ता घाल. पदकं डब्यात आहेत; त्यांच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, भिंगानं बघ. त्यात ‘पूर्वी स्टार’ नावाचं पदक आहे ना, ते पूर्वेकडच्या आघाडीचं. त्याचा फोटो छाप. बाकी पदकांची यादी देऊ नकोस, वाचणारा ती ओलांडून पुढं जातो.

निवृत्तीनंतर ते लातूरला सैनिक कल्याण कार्यालयात का जायचे, हे मात्र लिही. स्वतःच्या कामासाठी दोन-तीनदाच गेले असतील. बाकीच्या खेपा आसपासच्या गावांतल्या सैनिकांच्या विधवांसाठी. कुणाची फॅमिली पेन्शन अडकलेली, कुणाच्या नावात काना-मात्रेचा फरक, कुणाचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला राहिलेला. जेवणाचा डबा आणि एसटीचं भाडं स्वतःचं. एकदा मी म्हटलं, एवढं कशाला धावता? म्हणाले, “वैनीला तू होतास. यांना कोण हाय लिहिणारं?” तुझी आजी माझी वैनी, म्हणून माझ्याशी बोलताना तेही तिला वैनीच म्हणायचे.

किल्लारीच्या भूकंपाचं तुला ऐकून माहीत आहे, पण ज्यांच्याकडून ऐकायला हवं, त्यांच्याकडून ऐकलेलं नाहीस. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. आपली जुनी घरं कशी, तर दोन-दोन हात रुंदीच्या दगडाच्या भिंती, मधे नुसती माती, आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर मातीचा थर चढवायचा, वर्षानुवर्षं. उन्हाळ्यात ते घर थंडगार असायचं. त्या पहाटे तेच सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. आपल्या गावात भिंती फाटल्या, माणसं वाचली. उजाडायच्या आत आबांनी पहारी, टिकाव, घमेली आणि दावी ट्रॅक्टरवर टाकली आणि वीस-पंचवीस पोरं घेऊन किल्लारीच्या वाटेला लागले. मीही होतो.

तिथं पोचल्यावर त्यांनी आधी ट्रॅक्टर बंद करायला लावला. सगळ्यांना गप्प केलं. पोरं अधीर झाली होती, कुठंही पहार घालायला निघाली होती. आबा म्हणाले, “थांबा. ऐका.” दगडांच्या ढिगावर ते पालथे पडले, कान लावला. तिथून उठले, पुढच्या ढिगावर गेले. तिसऱ्या ठिकाणी हात वर केला. तिथून आम्ही एका म्हातारीला आणि तिच्या नातीला बाहेर काढलं. पहार चालवायची नाही, एकेक दगड हातानं उचलून मागं द्यायचा, हे त्यांनी शिकवलं. वरून पाऊस लागला, माती दगडापेक्षा जड झाली. पुढं फौज आली, तिच्या जवानांबरोबर आबा काम करत राहिले, जणू कधी निवृत्त झालेच नव्हते. सहाव्या दिवशी घरी आले. आल्यावर पहिल्यांदा त्यांनी तुमच्या माळवदाची माती उतरवायला घेतली. पुढं त्या जागी पत्रे आले. तुझी आई चिडून म्हणायची की उन्हाळ्यात पत्रे तापतात. आबा ऐकून घ्यायचे.

ती नात आज चाळिशीत असेल. पुनर्वसनाच्या नव्या गावात दिली होती, आजीला ठिकाण माहीत आहे. तिच्याकडं जा. ती आबांविषयी जे सांगेल ते तुझ्या-माझ्या सगळ्या वाक्यांपेक्षा वजनाचं असेल. पण तिला त्या रात्रीविषयी विचारू नकोस. आबा दर दिवाळीला तिच्याकडं काय घेऊन जायचे, तेवढं विचार. बाकीचं तिला वाटलं तर ती सांगेल.

आता एक अवघड गोष्ट. आबांची चूकही लिहायला हवी. तुझ्या आत्याची शाळा त्यांनी सातवीनंतर थांबवली. १९८८ ची गोष्ट. हायस्कूल चार किलोमीटरवर, वाट ओढ्यातून. आत्या माझ्या वर्गात पहिली येत होती. मी दोनदा घरी जाऊन सांगितलं, तिसऱ्यांदा भांडलो. वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. जग बघितलेला माणूस, लढाई बघितलेला माणूस, पण मुलीला एकटीला त्या वाटेनं पाठवायचं बळ त्यांच्यात नव्हतं. मी हे अजूनही बरोबर मानत नाही. पुढं तू आठवीत गेलीस तेव्हा रोज सकाळी सहाला, पावसात इरलं घेऊन, एसटी येईपर्यंत तुझ्याजवळ कोण उभं राहायचं, ते तुला आठवत असेल. एकदा एसटी गेल्यावर त्याच फाट्यावर ते मला म्हणाले, “तिच्या आत्याला पण असंच सोडता आलं असतं.” आत्याला ते कधी बोलले नसावेत. तू आधी आत्याकडं जा, तिला हे वाक्य सांग. मग विचार, लिहू का? ती नको म्हणाली, तर लिहू नकोस. ती गोष्ट तिची आहे.

आजीकडून ऐकायचं कसं, ते शेवटी सांगतो. समोर फोन ठेवून ‘आजी, आबांविषयी सांग’ म्हणशील, तर ती म्हणेल, “काय सांगायचं बाई, देवमाणूस होता.” संपलं. दुपारी ती ज्वारी निवडायला बसते, तेव्हा सूप घेऊन शेजारी बस. तूही निवड. छोटं काहीतरी विचार. रजेवर आले की पहिल्या दिवशी काय करून घालायचीस? ट्रंकेतला तो निळा स्वेटर कुणी विणला? तिला विणता येत नव्हतं, मग तो आला कुठून? मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. ते तिच्या तोंडून ऐक. ती गप्प झाली तर तूही गप्प राहा, निवडत राहा. घाई केलीस की ती उठून चहा ठेवायला जाईल.

आणि ते शाईचा डाग पडलेलं पत्र. आबा सगळी पत्रं जपून परत घेऊन आले होते, त्यामुळं आमचीही ट्रंकेत असतील. नोव्हेंबर १९७२, निळं अंतर्देशीय, शेवटची पट्टी. सापडलं की आजीला मोठ्यानं वाचून दाखव. मला पन्नास वर्षं एक विचारायचं होतं, धीर झाला नाही, तू विचार. त्या दिवशी तिच्या मनात काय होतं, जे तिनं मला लिहू दिलं नाही? ती जे सांगेल, ते पट्टीवर मावेल एवढंच, तिच्याच शब्दांत उतरवून घे. पुस्तिकेत तेच पहिलं पान कर. तुझा लेख त्याच्या मागं येऊ दे.

वैनींना माझा नमस्कार सांग. मजकूर तयार झाला की पाठव, शुद्धलेखन मी बघून देतो.

तुझे
गुरुजी

ता. क. आजीच्या डाव्या बाजूला बस. उजव्या कानानं तिला आता ऐकू येत नाही.